चांद्याले बरफ?

मे महिन्यात चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला, जाऊ नये, हे सगळेच सांगतात. आम्ही गेलो, कारण ताडोब्याचं बुकिंग तेव्हाच मिळालं. तीन सफाऱ्या, एक वाघ, तोही पाठमोरा, आणि त्याच्यामागे जिप्सींची वरात. त्याबद्दल एवढंच पुरे.

मुक्काम ताईकडे. भाऊजी कोळशाच्या खाणीत. त्यांच्या कूलरच्या वाऱ्याने हॉलचं दार सारखं आपटतं, म्हणून दाराला एक काळपट, चपटा दगड लावलेला. तीन रात्री मी त्याला ठेचकाळलो. चौथ्या सकाळी वैतागून उचलला, तर त्यावर पान! जिभेच्या आकाराचं, वीतभर, मधे ठसठशीत शीर, दोन्ही बाजूंना बारीक जाळी. कुणीतरी वहीत ठेवून विसरल्यासारखं.

"खाणीत ढिगाने निघतात," भाऊजी चहा गाळत म्हणाले.

ग्लॉसॉप्टेरिस. चांद्याचा कोळसा ज्या जंगलांचा झाला, त्यातलं झाड. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचं. हेच पान दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात सापडतं आणि अंटार्क्टिकातही. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश धाडसी प्रवासी स्कॉट आणि त्याचे सोबती उपासमारीने, थंडीने मेले, पण हे ठसे असलेले दगड धरून सुमारे १६ किलो नमुने त्यांनी शेवटपर्यंत घसरगाडीवरून ओढत आणले होते. आणि आमच्याकडे ते दाराला. मी तरी काय, तीन दिवस त्याला शिव्याच घालत होतो.

"मग इरईचे ओरखडेही बघून घ्या," भाऊजी म्हणाले.

इरई नावाने इथे घोळ होतो. रिक्षावाल्याने मला थेट इरई धरणावर नेऊन सोडलं. चंद्रपूरजवळून वाहणारी नदीही इरईच. मला हवं होतं ते पैनगंगेकडचं इरई गाव. उलट दिशेला! दुसरी गाडी करून पोचेपर्यंत दुपारचा एक वाजला. पारा ४६. पाटी नाही, बाण नाही, काही नाही. वाघाच्या नावाने शहरभर फलक लावणाऱ्यांना इथे एक पत्रा ठोकता आला नसता?

शेळ्या राखणाऱ्या एका मावशींना विचारलं.

"दगडं पाहाले आले? पुन्याहून?" त्या हसल्याच. "अन् उनात? दुपट्टा तरी बांधा जी डोक्याले."

त्यांनीच नेऊन दाखवलं. चुनखडीचा उघडा थर, घोटून काढल्यासारखा गुळगुळीत, आणि त्यावर एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेघा. काही नखाने ओढल्यासारख्या, काहींत करंगळी टेकेल. बोट फिरवायला गेलो तर चटका बसला. मग बाटलीतलं पाणी ओतून हात ठेवला.

"बंडीच्या चाकाचे हायेत," मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, "नाही मावशी, बर्फाचे. इथे हिमनदी होती. तिच्या बुडाला अडकलेले दगडगोटे खडकावरून घासत गेले."

"चांद्याले बरफ? बाप्पा!" त्यांनी शेळ्यांकडे असं पाहिलं, की त्याही साक्षीदार आहेत.

त्यांचं काय चुकलं? फेडन नावाच्या भूवैज्ञानिकाने इथल्या या खुणांवर १८७५ मध्ये लिहिलं, तेव्हा उष्ण देशात बर्फ आला कुठून हे कोडंच होतं. ब्राझीलमधले असेच ओरखडे सांगतात, की तिथे बर्फ आज अटलांटिक आहे त्या बाजूने जमिनीवर चढला. समुद्रातून हिमनदी चढते होय? वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं आणि हे तुकडे दक्षिण ध्रुवाभोवती जुळवले, की बर्फाच्या वाटा एकमेकींना मिळतात. तरी त्याला अनेकांनी वेड्यात काढलं, कारण एवढाले खंड ढकलतं कोण, याचं पटणारं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्या जोडखंडाला नाव मात्र आपलं, गोंडवन. चांद्याच्या गोंड राजांची वेस ओलांडूनच मी आलो होतो आणि तिथे फक्त उसाचा रस प्यायलो होतो.

मावशींनी झाडाखाली बसवून मडक्यातलं पाणी दिलं. रिसॉर्टमधल्या चाळीस रुपयांच्या बाटलीपेक्षा गार होतं. पैसे पुढे केले तर रागावल्या. निघताना त्या रेघांकडे बोट करून म्हणाल्या, "बरफच म्हना तुम्ही. पन बंडी गेली असन."

पुण्याला पोचल्यावर ताईचा फोन आला. दार रात्रभर आपटत होतं म्हणे. दगड माझ्या बॅगेत होता, कपड्यांत गुंडाळलेला.

"अरे, मग आता दाराला काय लावू?"

वीट लाव म्हटलं.