खालचा आकडा

माझ्या रक्तदाबाचा वरचा आकडा बेताचाच वाढलेला होता. हटून बसला होता तो खालचा, शंभराच्या आसपास. ईसीजी, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतली प्रथिनं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि आनंदापेक्षा मला वैतागच जास्त आला. हृदय ठीक, मूत्रपिंड ठीक, मग दाब वाढवतंय कोण?

डॉक्टरांना तसंच विचारलं. ते म्हणाले, "खालचा आकडा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधला दाब. तेव्हा हृदय ढकलत नसतं. तरी दाब उतरत नाही, म्हणजे रक्ताला पुढे सरकायला वाट अरुंद आहे." वाट अरुंद म्हणजे चरबीने तुंबलेली, असं मी धरून चालले होते. त्यांचा रोख भलत्याच ठिकाणी होता: केशवाहिन्यांच्या अलीकडे असलेल्या अगदी बारीक रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या, आणि त्यांच्या भिंतीत गोलाकार गुंडाळलेला स्नायू.

या स्नायूवर आपली हुकमत नसते. ॲड्रेनलिनच्या जातीची रसायनं किंवा अँजिओटेन्सिन हे नळ्या आवळणारं संप्रेरक येऊन धडकलं की त्याच्या पेशीत कॅल्शियम वाढतं, ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, त्यातून एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाचे धागे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला ओढू लागतात. नळी आवळली. भरलेली पिशवी धरून आपला दंड दहा मिनिटांत भरून येतो, पण हा स्नायू नाममात्र ऊर्जेवर तासन्‌तास आवळलेला राहू शकतो. आणि इथलं गणित फार निर्दय आहे. रक्ताच्या वाहण्याला होणारा विरोध नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे त्रिज्या दहा टक्क्यांनी घटली की विरोध दीडपट आणि निम्मी झाली की सोळापट. तपासणीत डोळ्यांना दिसेल असं काही बिघडायची गरजच नाही.

स्नायू सैल करणारी यंत्रणाही शेजारीच असते. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं. हे अस्तर दुबळं झालं की आवळण्याची बाजू वरचढ ठरते. म्हणून "ताण घेऊ नका, नसा मोकळ्या होतील" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. मीठ आणि पाणी बाहेर टाकणारं मूत्रपिंड या खेळात कायम असतं, रिपोर्ट नॉर्मल असला तरी.

गोळीआधी चोवीस तास दाब मोजणारं मशीन लावलं. दर थोड्या वेळाने पट्टा फुगतो; रात्री तर झोप लागते न लागते तोच. रात्री दाब दिवसापेक्षा किमान दहा टक्क्यांनी उतरायला हवा. माझा जेमतेम हलला होता. तेव्हा "थोडे दिवस बघू" म्हणायची सोय संपली. डॉक्टरांची घाई मला नंतर कळली: दाब वर्षानुवर्षं चढा राहिला तर भिंतच जाड होत जाते आणि स्नायू सैल पडला तरी नळी अरुंदच राहते.

अ‍ॅम्लोडिपिन ही दाबाची गोळी सुरू झाली. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरण्याचं दार ती अडवते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायला तीस ते पन्नास तास लागतात, त्यामुळे पातळी स्थिरावायला आठवडाभर जातो. हे माहीत असल्यामुळे सुरुवातीचे आकडे बघून मी धीर सोडला नाही. दाब उतरला, पण संध्याकाळी घोटे सुजायला लागले, मोज्याचे वळ उठायचे. वाटलं, अंगात पाणी साचतंय, लघवीची गोळी मागावी. डॉक्टर म्हणाले, "तिचा फारसा उपयोग नाही. औषधाने रोहिण्या सैल पडल्या, पलीकडच्या, रक्त परत नेणाऱ्या शिरा नाही पडल्या. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपतं."

त्यांनी डोस निम्मा केला आणि टेल्मिसार्टन जोडलं. ते अँजिओटेन्सिनला रोखतं आणि शिरांनाही थोडं सैल करतं. काही आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासलं. या गोळीसोबत ते करावंच लागतं. सूज ओसरली.

घरी दाब मोजायची शिस्त मात्र सगळ्यात कंटाळवाणी. आधी लघवीला जाऊन यायचं, अर्धा तास चहा-कॉफी नाही, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. पहिलं मोजमाप बहुधा जास्त येतं, म्हणून मिनिटभराने दुसरं. घरचा सरासरी आकडा 135/85 च्या खाली हवा; माझा आता तिथे आहे.

सर्दीच्या गोळीची पाकिटं हल्ली मी उलटून वाचते. फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन दिसलं की विचारल्याशिवाय घेत नाही. नाक मोकळं करताना ही औषधं आवळतात तो हाच स्नायू, आणि ती फक्त नाकापुरती थांबतीलच असं नाही. रात्रीचा दाब उतरतोय का, हे बघायला चोवीस तासांचं मशीन पुन्हा लावायचं ठरलंय.