शिफ्ट हँडओव्हर आणि ‘८० टक्के झालंय’: माझा अनुभव

विमानाच्या मेंटेनन्समध्ये नवीन असाल, किंवा लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदाच दुसऱ्याचं अर्धवट काम स्वतःच्या सहीवर घेणार असाल, तर हे वाचा. मला त्या रात्रीचा राग अजून आहे म्हणून लिहितोय.

काम नेहमीचंच होतं, एका इंजिनचा हायड्रॉलिक पंप (चाकं, फ्लॅप वगैरे हलवणाऱ्या तेलाला दाब देणारा) बदलायचा. संध्याकाळच्या शिफ्टने जुना काढला, नवा बसवला, पार्टचे कागद, सिरियल नंबर सगळं व्यवस्थित, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या हातात आलं ते हँडओव्हर शीटवरचं एक वाक्य, ‘पंप रिप्लेसमेंट ८० टक्के पूर्ण, लीक चेक बाकी’. ज्याने काम केलं तो मी यायच्या आधीच निघून गेलेला. शीट दिलं सुपरवायझर सरांनी, तेही ऑफिसात बसून, आणि ते स्वतः विमानाजवळ गेलेलेच नव्हते. जे त्यांना सांगितलं गेलं ते त्यांनी मला सांगितलं.

इथेच सगळं अडकलं.

टास्क कार्ड, म्हणजे स्टेपवार सह्या करायचा कामाचा कागद, उघडलं तर पंप माउंट करण्यापर्यंतच्या स्टेप्सवर सह्या आहेत, पुढची स्टेप लाईन जोडून टॉर्क करायची, म्हणजे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने आवळायचे, ती कोरी. आणि विमानाजवळ जाऊन बघतो तर सक्शन (तेल पंपात आणणारी), प्रेशर (दाबाने बाहेर नेणारी), केस ड्रेन (पंपात झिरपलेलं तेल परत नेणारी), तिन्ही लाईन जोडलेल्या. आता काय समजायचं? टॉर्क झालाय आणि सही राहिलीय, की नट नुसते हाताने फिरवून ठेवलेत? बघून कळत नाही हो. हाताने बसवलेला नट आणि टॉर्क रेंचने आवळलेला नट दिसायला सारखाच दिसतो. ८० टक्के म्हणजे कशाचे ८० टक्के, वेळेचे, स्टेप्सचे, की त्याच्या अंदाजाचे?

त्या माणसाला फोन लावला, बंद. साहजिक आहे, पूर्ण शिफ्ट करून झोपला असेल, त्याला मी दोष देत नाही. मेंटेनन्स कंट्रोलचा, म्हणजे कुठलं विमान कधी तयार हवं ते बघणाऱ्या ऑफिसचा, फोन मात्र सारखा चालू. ‘अरे झालंय ते सगळं, शीटवर लिहिलंय ना, फक्त लीक चेक घे आणि सोड, सकाळची फ्लाइट आहे.’ मी म्हटलं, सर, टॉर्कच्या स्टेपवर सही नाही. तर म्हणे, सैल असेल तर लीक चेकमध्ये कळेलच की. हे वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं, आणि असं बोलणारा माणूस तुम्हालाही कधीतरी भेटणार म्हणून सांगतो: कळेलच असं नाही. प्रेशर लाईनमध्ये साधारण ३००० पीएसआय असतं, नट खरंच सैल असेल तर काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उघडं टाकून खाली उभ्या असलेल्या माणसांवर आणि गरम इंजिनवर फ्लुइड उडणार. आणि नट थोडासाच आवळलेला असेल तर तो लीक चेकसाठी घेतलेल्या छोट्या इंजिन रनमध्ये टिकेलही, व्हायब्रेशनने सैल होईल तो पुढच्या कुठल्यातरी फ्लाइटमध्ये. लीक चेक हा टॉर्कचा पुरावा नाही.

कोणी म्हणेल, मग रेंच लावून चेक कर की. तेही चालत नाही. टॉर्क रेंच सेट केलेल्या जोराला पोचला की क्लिक करतो; आवळलेल्या नटाला तो लावला आणि क्लिक आला तर एवढंच कळतं की टॉर्क तेवढा किंवा त्याहून जास्त आहे. जास्त आवळलेला असला तरी क्लिक येतोच. म्हणून आधी सैल करायचा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला परत आवळायचा, दुसरा मार्ग नाही. सही नाही म्हणजे काम झालेलं नाही, यावर अडून बसा, समोर कोणीही असो.

कंट्रोलला शेवटी सांगितलं की लेखी द्या, मग मी लीक चेकला जातो. लेखी कोणी दिलं नाही. मग दुसऱ्या लायसन्सवाल्याला बरोबर घेतलं, तिन्ही लाईन पहिल्यापासून केल्या. सक्शन आणि प्रेशर घट्ट होत्या. केस ड्रेनचा नट बोटांनी फिरला.

त्यानंतरचं सगळं पटापट झालं, टॉर्क, दुसऱ्याकडून स्वतंत्र तपासणी, इंजिन रन, लीक नाही, काउलिंग बंद, रिलीज. विमान उशिरा गेलं आणि त्या उशिराबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

१९९१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्रेअर १२० पडलं, १४ जण होते, सगळे गेले. शेपटीवरच्या आडव्या स्टॅबिलायझरच्या डाव्या लीडिंग एजचे (पुढच्या कडेचे) वरच्या बाजूचे ४७ स्क्रू एका शिफ्टने काढले होते आणि ते काढलेत हे पुढच्या शिफ्टपर्यंत पोचलंच नाही. ती टी-टेल, म्हणजे आडवा स्टॅबिलायझर उभ्या शेपटीच्या टोकावर, आणि स्क्रू वरच्या बाजूला, खालून दिसणार कसे? आमच्या केस ड्रेनचंही तेच, काय झालं ते सगळं कळवलं, काय सुटं आहे तेच राहिलं.

म्हणून माझं म्हणणं, किती झालं ते लिहूच नका. आत्ता विमानावर काय उघडं आहे, काय सैल आहे, काय डिस्कनेक्ट आहे, कुठला सर्किट ब्रेकर ओढलाय, ते लिहा. आणि लिहिताना ‘ती लाईन’ नको, डावं की उजवं इंजिन, कुठली लाईन, कुठली स्टेप, पूर्ण लिहा. नट नुसता हाताने बसवून थांबावं लागलं तर तिथेच टॅग लटकवा, शीट ऑफिसात राहतं, टॅग नटाजवळ राहतो.

हँडओव्हर विमानाजवळ उभं राहूनच घ्या, आणि ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत बोलून दाखवा, समोरचा लगेच म्हणतो, नाही नाही, तसं नाही. हे लिहायचं राहिलं असतं, टूल्सपण मोजून घ्या, अर्धवट कामात आधीच्या शिफ्टचं एखादं टूल आतच राहू शकतं.

शिफ्ट ओव्हरलॅप मागायला गेलं की ऑफिस म्हणतं माणसं नाहीत. तेव्हा ईएएसएच्या (युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेच्या) पार्ट-१४५ या मेंटेनन्स नियमांमधलं १४५.ए.४७ पुढे ठेवा, शिफ्ट बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला आवश्यक माहिती नीट दिलीच पाहिजे असं त्यात स्पष्ट आहे. मी तेच ठेवलं, बरीच कुरकुर झाली, पण आमच्याकडे आता जाणारा माणूस येणाऱ्याला विमानाजवळ भेटल्याशिवाय निघत नाही आणि शीटवरचा टक्क्यांचा रकाना गेला. तिथे आता ‘सुटं/उघडं’ असा मोठा चौकोन आहे, आणि तो रिकामा ठेवता येत नाही, काहीच नसेल तर ‘काही नाही’ लिहून सही करायची.