पाठीवरून गेलेला बाण: केटल मोरेनमधली हरणाची शिकार

मिलवॉकीहून नैऋत्येला पाऊण तासावर केटल मोरेन स्टेट फॉरेस्टचा दक्षिण भाग लागतो. हिमनद्यांनी टाकून दिलेल्या दगडमातीच्या टेकड्या आणि त्यांवर ओकची झाडं. अमेरिकेतल्या या विस्कॉन्सिन राज्यात धनुष्याने शिकारीचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर उघडतो. आम्ही ऑक्टोबर निवडला, कारण तोवर ओकची फळं गळायला लागतात आणि हरणं ती खायला येतात. धनुष्य मित्राचं, लायसन्सही त्याचंच. मी शेजारच्या झाडावर नुसती दुर्बीण घेऊन बसलो होतो, आणि पुढे तीच कामी आली.

उन्हं कलल्यावर एक मादी आली. अंतर 28 यार्ड, बाजू पूर्ण आडवी, पण चाल थांबेना. म्हणून मित्राने तोंडाने ‘मॅऽ’ असा आवाज काढला. ती थबकली, मान वर, कान थेट आमच्या दिशेला. बाण सुटला तो तिच्या पाठीवरून पलीकडच्या झुडपात.

खाली उतरताच मित्राने निदान केलं: साइटची (धनुष्यावरच्या नेम धरायच्या खुणेची) पिन सरकली असणार, नाहीतर उंचीमुळे अंतर फसलं. पिन दुसऱ्या दिवशी टार्गेटवर चोख निघाली. उंचीचं म्हणाल तर 18 फुटांच्या मचाणावरून 28 यार्ड तिरके मोजले तरी जेमतेम अर्धा यार्ड वाढतो. तेवढ्याने बाण पाठीवरून जात नाही.

मला दुर्बिणीतून दिसलं ते असं, की बाण पोचायच्या आतच मादी खाली गेली होती. पळण्यासाठी झेप घ्यायची तर हरीण आधी पाय दुमडतं. बाणाचा वेग सेकंदाला 270 फूट धरा. आवाजाचा 1100 च्या आसपास. म्हणजे दोरीचा आवाज बाणाच्या जवळजवळ पाव सेकंद आधी तिच्या कानावर गेला. निवांत चरणारं हरीण तेवढ्यात फारसं हलत नाही, पण सावध झालेलं चार-पाच इंच सहज खाली जातं. आणि सावध तर आपणच केलं होतं! भर म्हणजे मित्राने कमरेतून न वाकता नुसता धनुष्याचा हात खाली केला. असं केलं की खांद्यांची ठेवण बिघडते आणि बाण बहुधा वर जातो.

तुम्ही जाणार असाल तर सराव जमिनीवरून नको, हार्नेस (पडू नये म्हणून झाडाला अडकवायचा पट्टा) बांधून उंचावरूनच करा. दोरी आधी ओढायची आणि मग कमरेतून वाकायचं, हा क्रम अंगवळणी पडू द्या. हरीण आपणहून थांबेल याची वाट पाहा. नाहीच थांबलं तर जाऊ द्या. सावध जनावरावर 20 यार्डांपलीकडे बाण सोडूच नये, असं माझं मत झालंय. नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे ते दबलं तर फुप्फुस, नाही दबलं तर हृदय.

बाण चुकला असं वाटलं तरी तो शोधून नीट बघायचा. आमचा स्वच्छ होता, केस नाही की चरबी नाही. तरीही ती गेली त्या दिशेला बरंच चालून पाहिलं. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुसाला लागलंय. हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात. मग सहा-आठ तास मागे जायचंच नाही, नाहीतर जखमी हरीण उठून दूर निघून जातं.

नियमांचं थोडक्यात. धनुष्याची ओढ किमान 30 पौंड, ब्रॉडहेड (बाणाचं धारदार टोक) किमान 7/8 इंच रुंद. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. नवख्याला मेंटरसोबतही जाता येतं. व्हिसावर असलेले हटकून विचारतात म्हणून सांगतो: बंदुकीवरचे फेडरल निर्बंध धनुष्याला लागू नाहीत, राज्याचं लायसन्स मात्र हवंच. इथल्या सरकारी जमिनीवर मचाण रोज उतरवून न्यावं लागतं, तेव्हा हलकं घ्या. मोजे पँटवर चढवा आणि घरी आल्यावर गोचिडी शोधा, त्यांच्या चाव्यातून होणारा लाइम रोग इथे चांगलाच आहे.

हरीण मिळालंच, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत नोंद करायची. शिवाय या राज्यातल्या हरणांत 2002 पासून क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) सापडतोय. तांबड्या रश्श्याचा बेत कितीही पक्का असला तरी तपासणीचा निकाल येईपर्यंत मटण चिठ्ठी लावून फ्रीझरमध्येच ठेवा.