तुम्ही विचारलेत म्हणून: आधी दारू, की आधी उदासी?

लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या जिन्यातसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जातो: माझा धाकटा भाऊ पीत होता म्हणून उदास झाला, की उदास होता म्हणून पिऊ लागला? दारूबंदीच्या राज्यात त्याला दारू मिळाली कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही, कारण ते बडोद्यात सर्वांनाच ठाऊक आहे. उत्तर कशासाठी हवे असते तेही मला कळते. उदासी आधी असेल तर तो बिचारा आणि दारू आधी असेल तर तो नालायक, एवढाच निवाडा करायचा असतो.

कित्येक वर्षे मी हिरिरीने सांगत आले की उदासी आधी. सोळाव्या वर्षी तो आठवडेच्या आठवडे भिंतीकडे तोंड करून पडून असे, ताट तसेच परत येई आणि त्याला आजार म्हणावे असे घरात कोणालाही सुचले नव्हते. विशीत तो पिऊ लागला तेव्हा सुरुवातीला त्याला झोप लागू लागली, तो हसू लागला. माझ्या दृष्टीने हाच पुरावा होता. पुढे एका डॉक्टरांनी समजावले की दीर्घकाळचे मद्यपान स्वतःच नैराश्य निर्माण करते, झोप बिघडवते आणि त्यातले बरेचसे नैराश्य दारू सुटल्यावर तीन-चार आठवड्यांत ओसरते. त्यामुळे पिणे चालू असताना मूळ आजार कोणता हे ठरवणे अवघड असते. ते ऐकून मला दिलासा मिळाला नाही, रागच आला, कारण त्याच्या बाजूने मांडायला माझ्याजवळ तेवढाच मुद्दा होता.

एका वर्षी गणपतीच्या तोंडावर त्याने आपणहून दारू बंद केली. आईने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरत होते, पाठ घामाने भिजत होती, आणि जो येई तो सांगे की विष बाहेर पडते आहे, पडू द्या. तिसऱ्या रात्री तो अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झटकू लागला, मग वारलेल्या बाबांशी मोठमोठ्याने बोलू लागला आणि पहाटेच्या सुमारास मलाही ओळखेनासा झाला. मावशी म्हणाली, बाहेरची बाधा आहे. शेजारच्या काकांनी, अगदी कळवळ्याने, थोडी पाजा म्हणजे शांत होईल असे सुचवले. रुग्णालयात न्यायला आम्ही कचरत होतो, कारण परमिटाशिवाय पिणे हा इथे गुन्हा आहे आणि केसपेपरवर दारूचा उल्लेख आला तर पोलीस दारात येतील अशी आईला धास्ती होती. ज्यांच्या घरात ही वेळ आलेली नाही त्यांनी या भीतीला नावे ठेवू नयेत. अखेर रिक्षात घातले, तर तो चालत्या रिक्षातून उडी मारू पाहत होता आणि मी दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरून बसले होते.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, शेवटची दारू कधी घेतली? आई म्हणाली, ‘आमच्या घरात असले काही नाही.’ मी आईकडे न पाहता सांगितले, तीन दिवसांपूर्वी. त्यांच्या चेहऱ्यावर निंदेचा लवलेशही नव्हता. त्यांनी ग्लुकोजच्या आधी शिरेतून बी-१ जीवनसत्त्व दिले, लोराझेपाम हे मेंदू शांत करणारे औषध दिले आणि तो निजल्यावर आम्हाला समजावले: दारू मेंदूची उत्तेजना दाबून ठेवते, मेंदू तोल राखण्यासाठी आपली उत्तेजना वाढवत नेतो, आणि दारू एकाएकी थांबली की ही वाढलेली उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास असा भ्रम होऊ शकतो, आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतोही. आता ती रात्र दारूच्या खात्यात मांडायची की मनाच्या, ते विचारणाऱ्यांनीच सांगावे.

त्यानंतर एका मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले की आधी दारू सोडवा, मग आणा. एका व्यसनमुक्ती केंद्राने सांगितले की नैराश्याच्या गोळ्या चालू असलेला रुग्ण आम्ही घेत नाही. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत. एम्सच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांचे मद्यपान घातक किंवा अवलंबित्वाच्या पातळीचे आहे. अशा दोन दारांमध्ये ताटकळणारे घर आमचे एकटेच असेल यावर माझा विश्वास नाही. शेवटी दोन्ही गोष्टींवर एकाच वेळी उपचार करणारे डॉक्टर भेटले, म्हणून आज तो कामावर जातो.

त्याने आईच्या पाटल्या विकल्या, तेव्हा तो आजारी होता हे मला मान्य आहे. तरीही त्या पाटल्यांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा असा मी प्रयत्नही करत नाही.

दारू सुटून महिना झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. झोप सुधारली होती, थरथर गेली होती, पण सकाळचे जडपण पुरते हटले नव्हते, म्हणून नैराश्याचे औषध चालू राहिले. मी म्हटले, बघ, उदासी आधीचीच होती. त्याला हे मुळीच पटत नाही. ‘ताई, मला बिचारा करू नकोस,’ तो म्हणतो, ‘मला आवडायची म्हणून मी प्यायलो.’ आणि सोळाव्या वर्षीचे ते पडून राहणे? तर म्हणतो, दहावीचा निकाल वाईट लागला होता, एवढेच. आई म्हणते की बाबा गेले आणि सारे सुरू झाले. पण बाबा गेले ते त्या पडून राहण्यानंतर आणि दारू सुरू होण्यापूर्वी, त्यामुळे तिच्या म्हणण्याने आमच्यापैकी कोणाचीच बाजू खरी ठरत नाही.