आखाजीच्या तोंडावर अडकलेले पैसे

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे पंधरा दिवस आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. एका खाटेवर बिबडे (ज्वारीचे पापड), दुसरीवर कुरडया, आणि ओट्यावर सात-आठ बायका उडदाचे पापड लाटत बसलेल्या. अमळनेरचं ऊन असं, की सकाळी घातलेला पापड दुपारी उचलावा. माल जातो पुण्याला, नाशिकला, ठाण्याला. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांना कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणि ज्वारीचे बिबडे गावाकडचेच लागतात.

या बायकांची मजुरी मी रोजच्या रोज देते. संध्याकाळी पोळपाट उचलला की हातात पैसे, हे पहिल्या दिवसापासून पाळलंय. पेमेंट गेटवे, म्हणजे वेबसाइटवर भरलेले पैसे आपल्या खात्यात पोचवणारी कंपनी, निवडताना नेमकी हीच गोष्ट मी विचारात घेतली नाही.

आधी ऑर्डरी व्हॉट्सॲपवर यायच्या आणि पैसे क्यूआरवर. यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, नाही, त्यामुळे सहाशेचे सहाशे खात्यात, तेही लगेच. पण ऑर्डरी वाढल्या तसं कोणाचे पैसे कोणत्या पत्त्याचे हे जुळवायला मध्यरात्र व्हायची. मग भाच्याने वेबसाइट करून दिली. गेटवेचे दर आम्ही दोघांनी एका बैठकीत पाहिले. बहुतेक ठिकाणी दोन टक्क्यांच्या आसपास होते, एकाचा जरा कमी होता. तोच घेतला.

आखाजीच्या आठवड्यात ऑर्डरी तिपटीने वाढल्या आणि गेटवेवाल्यांचा मेल आला: व्यवहार अचानक वाढले आहेत, कागदपत्रं पाठवा, तोवर रक्कम थांबवली आहे. पॅन, उद्यम नोंदणी, अन्न परवाना, चालू खात्याचा रद्द केलेला चेक, कुरिअरच्या पावत्या, सगळं त्याच रात्री पाठवलं. बोलायला माणूस कुठेच नाही, फक्त तक्रार क्रमांक. नऊ दिवस पैसे अडकले. ओट्यावरच्या म्हाताऱ्या मावशी तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाल्या, "पैसा उनात का वं ताई?" म्हणजे, पैसे आले का? मजुरी त्यांची थकली नव्हती, भिशी आधी उचलून मी देत होते, त्यांना माझीच काळजी लागली होती. त्या प्रश्नाने मला रडू आलं.

तपासणी करण्यात चूक नाही. एखाद्याने पैसे घेऊन माल पाठवलाच नाही, तर गिऱ्हाईक बँकेकडे दाद मागतं आणि भरपाई गेटवेच्या अंगावर येऊ शकते. पण हंगामी धंदा म्हणजे काय, हे खातं उघडतानाच विचारायला हवं होतं. मीही सांगायला हवं होतं.

दुसऱ्यांदा निवडताना मी आधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मंजुरी मिळालेल्या पेमेंट ॲग्रीगेटरांची, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन दुकानदाराला पोचवणाऱ्या कंपन्यांची, यादी पाहिली आणि त्यातल्याच तिघांना फोन केले. दर शेवटी विचारला. पहिला प्रश्न: शुक्रवारी संध्याकाळी आलेले पैसे माझ्या खात्यात कधी? कामाचे दोन दिवस, असं उत्तर मिळालं. म्हणजे मध्ये दुसरा शनिवार आणि रविवार आला की थेट मंगळवार. शनिवारची मजुरी त्यातून निघत नाही, हे आधीच कळलेलं बरं.

दराचा हिशेब वहीत मांडला. नेटबँकिंगने आलेल्या सहाशेच्या ऑर्डरवर दोन टक्के म्हणजे १२ रुपये, त्या १२ वर अठरा टक्के जीएसटी म्हणजे २ रुपये १६ पैसे. हातात येतात ५८५ रुपये ८४ पैसे. पापडावर जीएसटी नाही आणि माझी नोंदणीही नाही, त्यामुळे तो कर मला कुठे वळता करून मिळत नाही. गिऱ्हाइकाने वेबसाइटवर यूपीआयने पैसे भरले तरी पुष्कळ गेटवे स्वतःचं शुल्क घेतातच; एमडीआर शून्य म्हणून तेही शून्य, असं मी धरून चालले होते. आणि पापड फुटून पोचले म्हणून पैसे परत केले, तर सहाशे पुरे द्यायचे, कापलेले १४ रुपये १६ पैसे मात्र बहुतेक जण परत देत नाहीत. तेव्हापासून डबा बांधताना मी चारी बाजूंनी कागद कोंबते.

तिघांपैकी दर जास्त असलेला मी घेतला, कारण त्यांच्याकडे दुपारी फोन केला तर मराठीत बोलणारी मुलगी उचलते. गावातलं गिऱ्हाईक अजून क्यूआरवरच आहे, ओट्यावर साउंडबॉक्स ठेवलाय. बाहेरगावचं तेवढं वेबसाइटवरून.

यंदा होळी झाल्याबरोबर मी गेटवेला मेल करून ठेवला: चैत्र-वैशाखात विक्री तिप्पट होते, मागच्या वर्षीच्या कुरिअरच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. आणि दहा दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकली आहे. त्या खात्याचं कार्ड सासूबाईंकडे असतं.