हिचा रंगच असा आहे

मुलीने शाळेसाठी चित्र काढलं होतं, 'आमचे वाहन'. आता चौथीतल्या पोरीच्या चित्रात काय बघायचं असतं, चाकं चार आहेत का आणि नंबर बरोबर आहे का, तर ते सगळं होतं, एमएच १५ सकट. फक्त हेडलाइटला तिने पिवळा खडू फिरवला होता आणि त्यावर थोडा चॉकलेटी. मी आपलं बाप म्हणून कौतुक करायला गेलो, की अरे वा, लाइट लावलीय वाटतं गाडीची! तर मान वर न करता म्हणाली, "नाही, बंद आहे. हिचा रंगच असा आहे."

रविवारची दुपार, पोटात मिसळ, बाहेर मार्चचं ऊन. अशा वेळी माणसाने झोपावं. पण मी चप्पल घालून खाली पार्किंगमध्ये गेलो आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आमच्या गाडीच्या तोंडासमोर उभा राहिलो. आपण गाडीच्या बाजूने चढतो, बाजूने उतरतो, मागे डिकीत पिशव्या टाकतो, समोर कोण जातंय बघायला? पोरगी बरोबर होती. उजवी हेडलाइट तर चहा गाळलेल्या फडक्यासारखी झाली होती. डावी जरा बरी, कारण तिच्यावर दुपारनंतर खांबाची सावली पडते. म्हणजे ऊन कुठून येतं आणि किती वाजता येतं याची नोंद गाडीने स्वतःच्या तोंडावर ठेवली होती.

आणि मी काय केलं होतं, तर दोन वर्षं बल्ब बदलत होतो. रात्री दिंडोरी रोडने सासरी जाताना काही दिसत नाही म्हणून गॅरेजमध्ये गेलो तर तो म्हणाला शंभर-नव्वदचा टाकू का साहेब, दिवस पडेल. मूळचा साठ-पंचावन्न वॉटचा. काचेवर साय धरलीय आणि आम्ही आत मोठा बल्ब टाकायच्या गोष्टी करतोय. नाही टाकला ते बरं, वायरिंग भाजलं असतं, आणि समोरच्याने शिव्या दिल्या असत्या त्या वेगळ्या, कारण असल्या काचेतून प्रकाश रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातो.

काच म्हणतो आपण, पण काच नाहीये ती. पॉली कार्बोनेट. १९५३ मध्ये जर्मनीत एकाला आणि अमेरिकेत दुसऱ्याला, दोघांना स्वतंत्रपणे सापडलेलं प्लास्टिक. सीडी त्याचीच, चष्म्याच्या न फुटणाऱ्या काचा त्याच्याच, आणि ऑफिसात पाण्याचा तो वीस लिटरचा निळा जार येतो ना, तोही बऱ्याचदा त्याचाच. अमेरिकेत काचेच्या, सीलबंद हेडलाइट सोडून दुसरं काही लावायला १९८३ पर्यंत परवानगीच नव्हती, मग नियम बदलला आणि हळूहळू जगभर गाड्यांना हे प्लास्टिकचे, हवे तसे तिरपे डोळे आले. दगड लागला तर फुटत नाही, वजनाला हलकं, पाहिजे तो आकार देता येतो, सगळं चांगलं. ऊन तेवढं सोसत नाही. म्हणून कारखान्यातून येतानाच त्यावर एक पातळ कडक थर दिलेला असतो. तो थर काही वर्षांनी उन्हाने, धुळीने झिजतो आणि मग खालचं उघडं प्लास्टिक पिवळं पडायला लागतं.

हे सगळं मी मोठ्या ऐटीत माझ्या मेहुण्याला फोनवर सांगितलं. त्याचं जानोरीला गुलाबाचं पॉलीहाऊस आहे. तो शांतपणे म्हणाला, "दाजी, हे तर आमचा कागदच की." कागद म्हणजे पॉलीहाऊसवर ताणतात ते प्लास्टिक. दोनशे मायक्रॉनचा, ऊन सोसणारा यूव्हीवाला कागद घ्यायचा, स्वस्तातला घेतला तर लवकर पिवळा पडतो, उजेड आत येत नाही, फुलं रुसतात, मग सगळा उतरवायचा आणि नवा चढवायचा. तिकडचा प्रत्येक शेतकरी हे जाणतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तीस गाड्या आहेत आणि निम्म्या पिवळ्या.

आता उपाय. या बाबतीत प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. वॉचमन म्हणाला टूथपेस्ट. शेजारचे काका म्हणाले टूथपेस्टमध्ये खायचा सोडा. वरच्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला डास मारायचा स्प्रे मारा अंकल, एका मिनिटात चकाचक. गॅरेजवाला म्हणाला पेट्रोलचा बोळा. टूथपेस्टबद्दल माझं मत वाईट आहे, आणि ते हेडलाइटच्या आधीपासूनचं आहे. लहानपणी भाजलं की टूथपेस्ट, कॅरमला पावडर नाही तर वाळलेल्या टूथपेस्टचा चुरा, चांदीची समई काळी पडली की टूथपेस्ट, भिंतीला खिळ्याचं भोक दिसतंय तर टूथपेस्ट! दात तेवढे आम्ही मंजनाने घासायचो. पेस्टने हेडलाइट उजळते हे खरंच आहे, कारण तिच्यात घासणारे बारीक कण असतात, पण वर संरक्षण काहीच नाही, त्यामुळे दिवाळीला पुसली की होळीला परत तीच. स्प्रे आणि पेट्रोल तर वरचा थर विरघळवतात, ते दोन दिवस ओलं ओलं चमकतं आणि नंतर त्यात बारीक चिरा पडतात. आत पावसाळ्यात दव धरतं ते अजून वेगळं दुखणं, त्याला बऱ्याचदा सील गेलेलं असतं, बाहेरून कितीही घासा.

खरं तर पिवळ्या हेडलाइटशी माझं जुनं नातं आहे. काकांची फियाट होती, गोल काचेच्या दिव्यांची, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोणाचं तरी कल्याणला काहीतरी असायचंच, लग्नं नसली तरी बारसं, लग्नाची बोलणी, आणि आम्ही आठ जण त्या फियाटमध्ये. घोटी सोडलं की धुकं. इगतपुरीला काका गाडी बाजूला घ्यायचे आणि बाबा डॅशबोर्डमधून पिवळा जिलेटिन पेपर काढायचे, गणपतीच्या आराशीतून उरलेला, जपून गुंडाळी करून ठेवलेला, आणि पावसात भिजत तो दोन्ही दिव्यांवर चिकटपट्टीने लावायचे. धुक्यात पिवळा उजेड चांगला, असं सगळे ड्रायव्हर म्हणायचे. दिसायचं काय, तर कसारा घाटात पुढच्या ट्रकचा मागचा फाळका आणि त्यावरचं 'हॉर्न ओके प्लीज', तेही पिवळं. मी पुढच्या सीटवर आत्याच्या मांडीवर, आणि वायपर एकच चालायचा, काकांच्या बाजूचा. मला ती पिवळी धूसर भिंत इतकी आवडायची की घाट संपून खर्डीला बाबांनी कागद काढला की वाईट वाटायचं. फ्रान्समध्ये म्हणे १९९३ पर्यंत गाड्यांना कायद्यानेच पिवळे दिवे होते. म्हणजे माझी गाडी नुसती जुनी नाही, फ्रेंच झाली होती असंही म्हणता येईल. बायकोला हे सांगितलं तर तिने फक्त बघितलं.

असो. तर पुढच्या शनिवारी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या दुकानातून सामान आणलं. नवी जोडी विचारली होती आधी, किंमत ऐकून वॉटर पेपरच मागितला, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जेवढा मोठा तेवढा बारीक. आठशे, हजार, दोन हजार, तीन हजार नंबर, मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड आणि वर लावायला यूव्ही कोटिंगची छोटी बाटली. दुकानदार म्हणाला बाटली नाही घेतली तरी चालेल, लोक घेत नाहीत. मी घेतली. इथे मला स्वतःचं कौतुक करायचंय म्हणून सांगतोय.

रविवारी सकाळी ऊन यायच्या आत बसलो. बंपरच्या आणि बॉनेटच्या कडेला टेप मारली, दोन पदरी, कारण एक घस्सा रंगावर गेला की गेलाच. मग पाणी, आठशे नंबर, आणि आडवे हात. पहिल्यांदा जे पाणी खाली आलं ते हळदीच्या दुधासारखं. बघून घाणही वाटली आणि असा आनंद झाला की काय सांगू, कान कोरल्यावर होतो तसा. घासत राहायचं, पेपर कोरडा पडू द्यायचा नाही, पाणी पिवळं यायचं थांबून पांढरं यायला लागलं की नंबर बदलायचा आणि घासायची दिशाही बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. आणि इथे एक जागा अशी येते, आठशेनंतर, की हेडलाइट पिवळी राहिलेली नसते पण दिसतही नसतं काहीच, सगळी दुधाळ, मुक्की. नेमकी त्या वेळी बायको भाजी घेऊन आली आणि म्हणाली, आधी निदान दिसत तरी होतं रे. अर्धवट काम आणि बायको यांची वेळ कशी जुळते यावर कोणीतरी अभ्यास केला पाहिजे.

दोन हजारला थोडी जाग येते. तीन हजारला ओली असताना आरपार दिसते, वाळली की परत धूसर. मग कंपाउंड, फडक्याने, गोल गोल, मनगट भरून येईपर्यंत. आणि मग एकदम आतला बल्ब दिसला, त्याच्या मागचा रिफ्लेक्टर दिसला, रिफ्लेक्टरमध्ये उलटा मी दिसलो, घामेजलेला. डावीला कमी वेळ लागला. मुलगी खाली येऊन बघून गेली आणि तिची अडचण वेगळीच, चित्र जमा केलं ना बाबा, आता ते चुकीचं झालं.

पण खरं काम इथून पुढे होतं आणि त्याचा मला मनापासून कंटाळा आलेला. घासताना उरलासुरला जुना थरही निघून गेलेला असतो, म्हणजे ती चकचकीत हेडलाइट आता आधीपेक्षाही उघडी, तशीच सोडली तर काही महिन्यांत पहिल्यापेक्षा लवकर पिवळी. बाटलीतलं ते पाणी पातळ, एकसारखं, एकाच दिशेने लावायचं, सावलीत, धूळ न बसू देता, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. यात बघण्यासारखं काही नाही. लावल्यावर लावल्यासारखं दिसतही नाही. घासायला चार जण जमले होते, वॉचमनने व्हिडिओ काढला. बाटली उघडली तेव्हा एक जण नाही.

तिथे एकटा बसून धूळ येतेय का बघत असताना मला आमचे बाबा आठवले, जे चौथ्या मजल्यावर घरातच होते. सातपूरला कंपनीत एकतीस वर्षं काढली, आणि आयुष्यभर एकच छंद, झाकणे. रेडिओला चामड्याचं कव्हर, रिमोटला प्लास्टिक, फ्रिजच्या हँडलला कापडी बाही, जूनमध्ये आमच्या पुस्तकांना खाकी कव्हर आणि खाकी कव्हर मळू नये म्हणून त्यावर पारदर्शक. गाडी २०१२ च्या पाडव्याला घेतली, नंबर प्लेट यायच्या आधी कव्हर आलं. रोज संध्याकाळी खाली जायचे, चंदेरी कव्हर चढवायचे, उकिडवे बसायचे आणि गाडीच्या पोटाखालून तो पट्टा छत्रीच्या मुठीने पलीकडून ओढून घ्यायचे, कारण हात पोचत नाही. मग वर येऊन सांगायचे, "झोपवली तिला." आम्ही हसायचो. मी तर पाहुण्यांसमोर नक्कल करून दाखवायचो, छत्रीसकट.

चार वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. डॉक्टरांनी सांगितलं चाला, जिने चढा हळूहळू, पण उकिडवं बसायचं नाही, मांडी नाही. त्या दिवसापासून गाडीला कव्हर पडलं नाही. असं ठरलं वगैरे काही नाही. ते बसू शकत नव्हते आणि आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही की ते काम आता कोणाचं तरी आहे. पहिल्या पावसाळ्यात मीच ते कव्हर गच्चीवर नेऊन कूलरवर टाकलं, मापाने अगदी बसत होतं दुमडून. म्हणजे उजव्या हेडलाइटवरचं ते पिवळं चार वर्षांचं होतं, बारा नाही.

सोमवारी ऑफिसातून आलो तर जेवताना बाबांनी विचारलं, झाली का लाइट? म्हटलं झाली, या ना बघायला. म्हणाले, "कव्हर कुठंय?"

"कूलरवर."

"कूलर कुठं बाहेरगावी चाललाय?"

तसाही मार्च होता, कूलर काढायचाच होता. गच्चीवर जाऊन कव्हर झटकलं, त्यात चिमण्यांनी काड्या जमवल्या होत्या, त्या काढल्या, खाली आलो. एका बाजूने चढवलं तर दुसऱ्या बाजूने निघतंय, दोनदा उलटंच घातलं, आरसा कुठे जातो तेच कळेना. मग वाकून पट्टा आत ढकलला आणि पलीकडे जाऊन हात घातला, तर पोचत नाही. कोपरापर्यंत काळं झालं तरी नाही. तिथेच फरशीवर गुडघे टेकून बसलो होतो, तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं.

बाबा होते. हातात काठी नव्हती, छत्री होती.