मागे रेंगाळणारा ठेका

“मामा, हा ड्रमवाला लयीत कच्चा आहे का?” आज गाडीत अमेरिकी गायक डी’अँजेलोचा ‘वूडू’ हा अल्बम ऐकताना तबला शिकणाऱ्या भाचीने विचारले आणि तो प्रश्न दिवसभर डोक्यात घोळत राहिला.

२००० साली आलेल्या या अल्बममध्ये क्वेस्टलव्हसारख्या कसलेल्या ड्रमवादकाने ठेका मुद्दामच किंचित मागे रेंगाळत ठेवला आहे आणि त्या रेंगाळण्यावरच डी’अँजेलोचा आवाज सुखाने पहुडतो.

व्हर्जिनियातील रिचमंडच्या चर्चमध्ये घडलेल्या या गायकाच्या गळ्यापेक्षा, एका गाण्याच्या व्हिडिओमुळे, त्याच्या उघड्या अंगाचीच चर्चा अधिक झाली. मैफलीत लोक ‘शर्ट काढ’ असे ओरडू लागले. (कानांपेक्षा डोळ्यांना घाई फार!) पुढे तो व्यसनांत गुरफटला आणि नवा अल्बम यायला २०१४ चा डिसेंबर उजाडला.

त्या मौनात श्रोत्यांचाही वाटा होता, असे म्हणणे फार कठोर ठरेल का?